वाचकांचे प्रश्न : नवा डीएसएलआर हाती आल्यावर

या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये एक तक्रार वारंवार असते. हौसेने डीएसएलआर (आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घेतला, आणि पहिल्याच समारंभात शेजारच्याच्या मोबाइलमधली छायाचित्रे अधिक चांगली निघाली. म्हणून या वेळी प्राथमिक श्रेणीच्या डीएसएलआरविषयीचेच प्रश्न एकत्र घेतले आहेत. पत्रे लांबलचक होती. त्यांतला प्रश्नापुरता मजकूर तेवढा येथे दिला आहे.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिकवते. कॅननचा ईओएस १५००डी हा कॅमेरा १८-५५ मिमी लेन्ससह घेतला. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी काढलेली छायाचित्रे काळपट आणि हललेली आली. सहकारी शिक्षकांच्या मध्यम किमतीच्या फोनमधली मात्र उजळ व रेखीव आली. फ्लॅश लागला तेव्हा पुढच्या रांगेतल्या पालकांची डोकी पांढरी झाली आणि रंगमंच काळा राहिला. दुकानदार म्हणतात, वरचे मॉडेल घ्यायला हवे होते. माझी निवड चुकली का? — एक शिक्षिका, सांगली

उत्तर : निवड चुकलेली नाही, आणि वरचे मॉडेल घेऊन याच लेन्सने हीच छायाचित्रे काढली असती तर फारसा फरक पडला नसता. दोष कुठे आहे हे समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. तो एकदा लक्षात आला की पुढचे बरेच प्रश्न उरत नाहीत.

आपल्या कॅमेऱ्यातील सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) २२.३ × १४.९ मिमी आकाराचा आहे. मध्यम किमतीच्या अनेक फोनांमध्ये तो सुमारे ६.४ × ४.८ मिमी असतो. क्षेत्रफळाने आपला सेन्सर जवळजवळ अकरा पट मोठा ठरतो, आणि जाहिरातीत हीच गोष्ट ठळक अक्षरांत सांगितलेली असते. मात्र सेन्सरवर किती प्रकाश पोहोचणार हे लेन्स ठरवते. फोनच्या मुख्य लेन्सचे छिद्र एफ/१.८ च्या आसपास असते (हा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). आपल्यासोबत आलेली लेन्स १८ मिमीवर एफ/३.५ एवढी उघडते आणि ५५ मिमीपर्यंत झूम केली की एफ/५.६ वर येते. एफ/१.८ आणि एफ/५.६ यांच्यातला फरक प्रकाशाच्या हिशेबात साडेनऊ पटींहून अधिक आहे. म्हणजे सेन्सरने जे कमावले ते लेन्सने जवळजवळ सगळे घालवले. रंगमंच दूर म्हणून आपण झूम केला असणार, आणि नेमक्या त्याच क्षणी अंधाऱ्या सभागृहात लेन्स तिच्या सर्वांत अरुंद टोकाला गेली.

यावर फोन आणखी एक डाव खेळतो. बटण एकदा दाबले तरी तो एकापाठोपाठ अनेक छायाचित्रे घेतो, ती एकमेकांवर बसवतो, त्यांतले दाणे पुसतो, सावल्या उजळतो, चेहरे शोधून त्यांचा रंग सुधारतो आणि मग एक तयार चित्र समोर ठेवतो. २०१८ मध्ये गुगलने आपल्या पिक्सेल फोनांत ‘नाइट साइट’ आणले, तेव्हापासून कमी प्रकाशातल्या छायाचित्रांबद्दलची सर्वसामान्यांची अपेक्षाच बदलून गेली. आपला कॅमेरा त्याच्या साध्या पद्धतीत एका वेळी एकच छायाचित्र घेतो आणि त्यावर माफक संस्कार करून ते तसेच देतो. फोन वाढलेले ताट पुढे करतो, तर डीएसएलआर शिधा देतो.

शिधा चांगला आहे, हे पाहायचे असेल तर सहकाऱ्यांच्या फोनमधले आणि आपल्या कॅमेऱ्यातले एकेक छायाचित्र संगणकावर मोठे करून शेजारी ठेवा. फोनच्या चित्रात नाचणाऱ्या मुलींच्या चेहऱ्यांवरचे बारकावे पुसले गेल्याचे आणि केसांचा एकसंध पट्टा झाल्याचे बहुधा दिसेल. आपले चित्र काळपट असले तरी न हललेल्या भागात त्यात तपशील टिकलेला असेल. वार्षिकांकात मोठ्या आकारात छापताना हा फरक उघडा पडतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पडत नाही.

आता फ्लॅशबद्दल. कॅमेऱ्याच्या डोक्यावर उघडणाऱ्या फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा, आयएसओ (प्रकाशासाठीची संवेदनशीलता) १०० ला मीटरच्या मापात सुमारे ९ आहे. या आकड्याला छिद्राच्या आकड्याने भागले की फ्लॅशची पोच मिळते. एफ/५.६ ला ती दीड मीटरहून किंचित जास्त भरते. आयएसओ ४०० केला तरी सव्वातीन मीटरच्या पुढे जात नाही. दहा मीटरवरच्या रंगमंचापर्यंत तो पोहोचणे शक्यच नव्हते, आणि वाटेतल्या पालकांची डोकी त्याच्या टप्प्यात आयती सापडली. पूर्ण स्वयंचलित पद्धतीत (हिरव्या चौकटीच्या खुणेवर) कॅमेरा फ्लॅश स्वतःहून उघडतो, त्यामुळे सभागृहात ही खूण टाळलेलीच बरी.

पुढच्या कार्यक्रमाला असे करून पाहा. वरची चकती ‘ए.व्ही.’वर (छिद्र आपण ठरवायचे, शटरवेग कॅमेरा ठरवतो) ठेवा, छिद्राचा आकडा मिळेल तितका लहान ठेवा आणि आयएसओ ३२०० करा. मग शटर-बटण अर्धे दाबून व्ह्यूफाइंडरच्या (डोळा लावून पाहण्याच्या खिडकीच्या) खालच्या पट्टीत शटरवेग, म्हणजे शटर सेकंदाचा कितवा भाग उघडे राहते, तो किती येतो ते वाचा. भाषण करणाऱ्या मुख्याध्यापकांसाठी १/१०० पुरतो. लेझीम किंवा कोळीनृत्यासाठी १/२५० तरी हवा. तेवढा वेग मिळत नसेल तर आयएसओ ६४०० करावा. दाणेदार छायाचित्र चालते. हललेले छायाचित्र कशानेही दुरुस्त होत नाही. सभागृहात ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडी असतील तर आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेमुळे त्यांचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. शटरवेग १/१०० पेक्षा जलद ठेवला तर एक छायाचित्र उजळ आणि लगेचचे दुसरे पिवळट-अंधारे, असे होऊ शकते. तो कॅमेऱ्याचा बिघाड नव्हे. अशा ठिकाणी लागोपाठ तीन-चार छायाचित्रे घेऊन त्यांतले चांगले निवडावे.

लेन्सवर ‘आयएस’ ही अक्षरे आणि बाजूला ‘स्टॅबिलायझर’ची कळ आहे का, तेही पाहा. ही सोय आपल्या हाताची थरथर शोषून घेते; समोरच्या माणसाची हालचाल थांबवणे तिच्या हाती नाही. दुकानात ‘आयएस आहे, हलणार नाही’ असे सरसकट सांगितले जाते, त्यातून बराच गैरसमज होतो. आणि शक्य असेल तर झूम करण्याऐवजी पुढे जा. पहिल्या रांगेच्या कडेला उभे राहून १८ ते २४ मिमीच्या दरम्यान छायाचित्र घेतले तर लेन्स अधिक उघडी राहते आणि दृश्यात जिवंतपणाही येतो.

फोकसविषयी आपण विचारले नाही, पण आपण पाठवलेल्या एका छायाचित्रात मुलीऐवजी मागचा पडदा रेखीव आला आहे, म्हणून सांगतो. या कॅमेऱ्यात फोकसचे नऊ बिंदू आहेत आणि त्यांतला कोणता वापरायचा हे मुळात कॅमेराच ठरवतो. तो बहुधा सर्वांत जवळची किंवा सर्वांत ठळक वस्तू पकडतो. मागच्या बाजूला उजव्या कोपऱ्यात अंगठ्याखाली येणारे, भिंगाची खूण असलेले बटण दाबून लगेच ‘सेट’ दाबा. फक्त मधला बिंदू उरेल. नऊ बिंदूंपैकी हा मधला सर्वांत भरवशाचा आहे, कारण तो आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही रेषा ओळखतो. तो चेहऱ्यावर ठेवायचा, बटण अर्धे दाबून धरायचे, लाल ठिपका चमकून ‘बीप’ झाला की बटण न सोडता चौकट हवी तशी सरकवायची आणि मग पूर्ण दाबायचे. ही सवय बोटात उतरली की ‘फोकस चुकतो’ ही तक्रार निम्म्याहून कमी होते.

पैसे खर्च करायचेच असतील तर वरच्या मॉडेलवर न करता कॅननच्या ५० मिमी एफ/१.८ एसटीएम लेन्सवर करा. २०१५ मध्ये आलेली ही लेन्स सुमारे १६० ग्रॅम वजनाची आहे आणि कॅननच्या सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी एक आहे. ५० मिमीला आपली सध्याची लेन्स एफ/५.६ देते, तेथे ही एफ/१.८ देईल; म्हणजे १/२५ वर अडकलेला शटरवेग १/२०० च्या पुढे जाईल. मात्र दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. हिच्यात झूम नाही, आणि १५००डीच्या लहान सेन्सरमुळे तिची नजर ८० मिमी लेन्सएवढी अरुंद होते, त्यामुळे घरातल्या दिवाणखान्यात सगळ्या कुटुंबाचा फोटो घ्यायला मागे भिंत आडवी येते. शिवाय एफ/१.८ वर एक मीटर अंतरावरच्या चेहऱ्यात जेमतेम तीन सेंटिमीटर खोलीपुरतेच रेखीव येते. डोळा रेखीव असताना कान पुसट झाला तर घाबरू नका.

प्रश्न : निवृत्तीनंतर मुलाने डीएसएलआर भेट दिला. मला चष्मा आहे. व्ह्यूफाइंडरमधून सगळे धूसर दिसते, म्हणून मागचा पडदा लावून फोटो घेतो. पण तेव्हा कॅमेरा फार संथ चालतो. लेन्स सदोष आहे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : व्ह्यूफाइंडरच्या कडेला, उजव्या बाजूस, एक छोटी खाचदार चकती आहे. तिला डायॉप्टर म्हणतात आणि ती कोणी दाखवत नाही. लेन्स एखाद्या कोऱ्या भिंतीकडे धरा, शटर-बटण अर्धे दाबून आतले फोकसचे चौकोन आणि खालचे आकडे उजळवा आणि ते काळेभोर, स्पष्ट दिसेपर्यंत चकती फिरवा. समोरचे दृश्य पाहून चकती फिरवू नये, कारण दृश्य धूसर असण्याचे कारण फोकसही असू शकते. चष्मा लावूनच कॅमेरा वापरणार असाल तर चष्मा लावूनच हे करा. कॅननच्या या श्रेणीत चकतीची मर्यादा साधारण −२.५ ते +०.५ एवढी असते, त्यामुळे जवळच्या किंवा दूरच्या मोठ्या नंबरासाठी चष्मा काढून भागणार नाही.

मागच्या पडद्यावरचा संथपणा हा दोष नसून रचनेचा भाग आहे. व्ह्यूफाइंडरमधून पाहताना आरसा खाली असतो आणि त्याच्यामागून वळवलेला थोडा प्रकाश फोकससाठीच्या स्वतंत्र यंत्रणेकडे जातो. ती एका नजरेत किती आणि कोणत्या बाजूला फिरायचे हे ओळखते. पडदा लावला की आरसा वर जातो, ती यंत्रणा आंधळी होते, आणि कॅमेरा लेन्स मागेपुढे करत प्रतिमा कुठे सर्वांत ठळक होते ते चाचपडत शोधतो. नातवंडांच्या मागे धावायचे असेल तर डोळा व्ह्यूफाइंडरलाच हवा. स्थिर वस्तूंसाठी मात्र पडदा उत्तम. दहा पट मोठे करून हाताने फोकस करता येतो.

प्रश्न : पालखी सोहळ्यात काढलेल्या छायाचित्रांत वारकऱ्यांचे पांढरे कपडे राखाडी आणि चेहरे फार काळे आले. उन्हाची वेळ होती, प्रकाशाची कमतरता नव्हती. — एक वाचक, फलटण

उत्तर : प्रकाश मोजणारी यंत्रणा समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे असे गृहीत धरते. चौकट पांढऱ्या सदऱ्यांनी, धोतरांनी आणि टोप्यांनी भरली की तिला वाटते, प्रकाश फार झाला. ती छायाचित्र गडद करते. पांढरे राखाडी होते, आणि उन्हात रापलेले चेहरे त्याहून खाली ढकलले जातात. उलट काळ्या घोंगड्या किंवा दगडी मंदिराची भिंत चौकटीत भरली तर ती सगळे गरजेपेक्षा उजळ करते.

उपाय सोपा आहे. ‘पी’ (छिद्र व शटरवेग दोन्ही कॅमेरा ठरवतो), ‘ए.व्ही.’ किंवा ‘टी.व्ही.’ (शटरवेग आपण ठरवतो) पद्धतीत मागचे ‘ए.व्ही. +/−’ हे बटण दाबून धरून वरचे चाक फिरवा आणि पट्टीवरची खूण उजवीकडे दोन-तृतीयांश ते एक घरापर्यंत न्या. मग एक छायाचित्र घेऊन ते पाहताना माहितीचे बटण दाबा, आलेख दिसेल; त्यात डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग मोजलेले असतात. आलेखाचा डोंगर उजव्या भिंतीला टेकावा, पण तिच्यावर चढू नये. जिथे पांढरे पूर्ण उडाले आहे तो भाग पडद्यावर काळा-पांढरा लुकलुकतो. टोपीच्या कडेवर थोडे लुकलुकले तर सोडून द्यावे, पण सदऱ्याची घडीच नाहीशी होत असेल तर एक पायरी मागे यावे. काम झाल्यावर खूण शून्यावर आणायला विसरू नका. ती आपोआप परत येईल असे धरून चालू नये.

रिंगणातील अश्वाचे छायाचित्र घ्यायचे असेल तर मुद्दा वेगळा. तेव्हा ‘टी.व्ही.’वर १/१०००, फोकस ‘एआय सर्व्हो’वर (हलत्या वस्तूचा सतत माग घेणारा) आणि मधला बिंदू. १५००डी हा कॅमेरा सेकंदाला तीनच छायाचित्रे घेतो, म्हणून बटण दाबून धरून नशिबावर सोडण्यापेक्षा अश्व समोर येण्याची जागा आधी हेरून ठेवणे फायद्याचे ठरते.

प्रश्न : कास पठारावरच्या बारीक फुलांसाठी मॅक्रो (अगदी जवळून मोठे चित्र देणारी) लेन्स घ्यावी, की ५० मिमी एफ/१.८ पुरेल? सध्या फक्त १८-५५ मिमी आहे. — एक वाचिका, सातारा

उत्तर : या कामी ५० मिमीपेक्षा आपली सध्याचीच लेन्स सरस आहे, हे ऐकून नवल वाटेल. कॅननची १८-५५ मिमी आयएस २ ही लेन्स ५५ मिमीवर, २५ सेंटिमीटर अंतरावरून वस्तू तिच्या ०.३४ पट आकारात सेन्सरवर उतरवते. ५० मिमी एसटीएमची मजल ३५ सेंटिमीटर आणि ०.२१ पट एवढीच आहे. हे २५ सेंटिमीटर लेन्सच्या काचेपासून मोजायचे नसून सेन्सरपासून मोजायचे असतात. कॅमेऱ्याच्या माथ्यावर आडव्या रेघेने छेदलेल्या वर्तुळाची खूण असते, तेथून. त्यामुळे लेन्सच्या टोकापासून फूल प्रत्यक्षात वीतभराहूनही जवळ येते आणि बरेचजण एवढे जवळ जाऊन पाहतच नाहीत.

०.३४ पटीचा अर्थ असा की साडेसहा सेंटिमीटर रुंदीचा भाग चौकटीत मावतो. टोपली कारवीचा तुरा किंवा गेंदांचा ताटवा यांना ते पुष्कळ झाले. ‘सीतेची आसवे’ म्हणून ओळखली जाणारी जांभळी इवली फुले मात्र त्यात बारीकच दिसतील. त्यांच्यासाठी मॅक्रो लेन्सआधी एक्स्टेन्शन ट्यूबचा विचार करावा. ही कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी असते, तिच्यात काच नसते. २५ मिमीची नळी ५० मिमी लेन्सला लावली तर मोठेपणा ०.७ पटीच्या आसपास जातो, तेव्हा ५० मिमीचा उपयोग होतो. नळी घेताना तिच्यात विजेचे सोनेरी संपर्कबिंदू असल्याची खात्री करा. नसतील तर छिद्र बदलता येत नाही आणि स्वयंचलित फोकसही चालत नाही.

छिद्र एफ/८ ते एफ/११, वारा थांबण्याची वाट पाहण्याची तयारी, आणि पोलरायझर (चकाकी कमी करणारी, फिरवता येणारी काच) लावायचा असल्यास एवढे ध्यानात ठेवा की या लेन्सचे पुढचे टोक फोकस करताना फिरते, म्हणून आधी फोकस आणि मग पोलरायझर फिरवणे असा क्रम ठेवावा लागतो. आणि चांगल्या कोनासाठी ताटव्यात पाय टाकू नये. पठारावरच्या मातीचा थर पातळ आहे आणि एका पावलाखाली पुढच्या हंगामाचे बीही दडपले जाते.

प्रश्न : निकॉन डी३५००वर वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्याची ‘५० मिमी एफ/१.८ डी’ लेन्स बसवली. पडद्यावर ‘एफ ई ई’ अशी अक्षरे येतात आणि फोकस होत नाही. — एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : लेन्सवरचे छिद्राचे कडे २२ या आकड्यावर फिरवून तेथली कळ सरकवा; ‘एफ ई ई’ जाईल. फोकस मात्र हातानेच करावा लागेल. ‘डी’ मालिकेच्या या लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, ती फिरवण्याची मोटर कॅमेऱ्यात असावी लागते आणि डी३५००मध्ये ती नाही. फोकस जुळला की व्ह्यूफाइंडरमध्ये खाली डावीकडे गोल ठिपका स्थिर उजळतो, त्याचा आधार घ्या. प्रकाशमापन व्यवस्थित चालेल. वडिलांची लेन्स जपून ठेवा, काच उत्तम आहे.

प्रश्न : पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या पिशवीत कपाटात ठेवला होता. दिवाळीत काढला तर लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसते. शिवाय आकाशाच्या फोटोंत एकाच जागी करडा डाग येतो. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पहिली बुरशी, दुसरी धूळ. दोन्ही वेगळ्या.

बुरशीला दमटपणा, अंधार आणि न हलणारी हवा लागते, आणि कोकणातले बंद कपाट पावसाळ्यात तिन्ही पुरवते. चामडे आणि कापड ओल धरून ठेवतात, म्हणून ज्या पिशवीत आपण जपून ठेवले तीच घातक ठरली. जाळे अगदी काठाशी आणि पुसट असेल तर छायाचित्रांत फरक जाणवणार नाही, पण ते वाढत जाऊन काचेवरचा लेप खाते, तेव्हा जाणत्या दुरुस्तीवाल्याकडून लेन्स उघडून साफ करून घ्यावी. सोबतच्या झूम लेन्सची सफाई तिच्या जुन्या बाजारातील किमतीएवढी महाग पडू शकते; आधी खर्च विचारा, मग ठरवा. तोपर्यंत ती इतर लेन्सांपासून वेगळी ठेवा.

यापुढे रबरी कड असलेला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढे पुरते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहावी. साठच्या पुढे बुरशीला आमंत्रण, आणि फार खाली गेली तर रबर व वंगण सुकते. जेलचे निळे खडे गुलाबी झाले की ओल भरली असे समजून ते तापवून पुन्हा निळे करता येतात, मात्र निळ्या रंगासाठी वापरलेले कोबाल्टचे संयुग विषारी असल्याने स्वयंपाकाचे भांडे त्यासाठी घेऊ नये. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरण्याचा सल्ला बऱ्याच घरांत दिला जातो. तांदळाची पूड फटींत शिरते, त्याने फायदा होत नाही. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पावसाळ्यातही दर आठवड्याला कॅमेरा बाहेर काढून वापरणे.

आता डाग. लेन्स बदलताना आत गेलेला कण सेन्सरच्या पुढच्या काचेवर बसतो, आणि एफ/१६ सारख्या लहान छिद्रावर त्याची सावली रेखीव पडते, म्हणून तो आकाशात दिसतो आणि एफ/४ वर दिसत नाही. पाहणीसाठी एफ/२२ वर कोऱ्या आकाशाचा फोटो घ्या. मेनूमधला ‘हाताने सफाई’ हा पर्याय निवडला की आरसा वर जाऊन शटर उघडते. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, कारण मधेच वीज संपली तर शटर मिटून पात्याला इजा होऊ शकते. कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे धरून रबरी फुग्याने चार-सहा वेळा हवा मारा, फुग्याचे टोक आत नेऊ नका. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचे थेंब जातात; दाबाच्या डब्यातली हवा तर अजिबात वापरू नये, त्यातला गार द्रव काचेवर डाग पाडतो. कण चिकटलाच असेल तर ओल्या सफाईचे काम सेवाकेंद्राकडे द्यावे.

प्रश्न : मुलीसाठी जुना डीएसएलआर पाहतो आहे. मित्र म्हणतात, डीएसएलआर संपला, मिररलेस (आरसा नसलेला कॅमेरा) घ्या. — एक वाचक, नागपूर

उत्तर : मित्रांचे म्हणणे बाजारापुरते खरे आहे. हजार डॉलरच्या आतला पहिला डीएसएलआर, कॅननचा ईओएस ३००डी, २००३ मध्ये आला आणि त्याने हौशी माणसाला हे दार उघडून दिले. निकॉनचा डी३५०० हा २०२२ मध्ये उत्पादनातून गेला, आणि कॅननने २०२३ मध्ये नवशिक्यांसाठी आर५० आणि आर१०० हे मिररलेस कॅमेरे आणले. नवा कॅमेरा घ्यायचा असेल आणि मुलीला व्हिडिओही करायचे असतील तर मिररलेसच घ्यावा, कारण पडद्यावर पाहतानाचा फोकस त्यात कितीतरी चपळ असतो.

पण शिकण्यासाठी आणि कमी पैशांत म्हणाल तर जुना डीएसएलआर आजही अतिशय किफायतशीर आहे. कॅननची ईएफ माउंट (लेन्स बसवण्याची जोडणी) १९८७ पासूनची. तेव्हापासूनची कोणतीही ईएफ लेन्स १५००डीवर बसते, आणि पुढे मिररलेस घेतला तर अडॅप्टर लावून त्याच लेन्स तेथेही चालतात. डी३५००ची बॅटरी एका भरणीत प्रमाणित चाचणीनुसार १५५० छायाचित्रे देते. सहलीला चार्जर घरी राहिला तरी चिंता नाही.

घेताना मात्र विक्रेत्याच्या शब्दावर न जाता स्वतःचे मेमरी कार्ड सोबत न्या. एफ/२२ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो घेऊन धूळ तपासा. लेन्सच्या मागून टॉर्च मारून समोरून पाहा, बुरशी लगेच दिसते. झूमचे कडे फिरवताना खरखर किंवा अडकणे नको. बॅटरी फुगलेली नाही ना ते पाहा, आणि फ्लॅश दोन-तीनदा लागोपाठ उडवा. शटर किती वेळा चालले हा आकडा निकॉनच्या छायाचित्राच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो. घरी येऊन संगणकावर तो वाचता येतो, म्हणून पहिल्या भेटीत पैसे न देता एक फोटो कार्डावर घेऊन यावे. कॅननच्या या श्रेणीत फाइलमध्ये तो मिळत नाही, केबल जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने काढावा लागतो. विक्रेता त्याला तयार नसेल तर किंमत त्या हिशेबाने पाडून मागावी.